खाचेतलं कुंकू

खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडलेली दिसली की ते प्रकरण अजूनही माझ्या डोळ्यांपुढे उभं राहतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंचसं आता विसरायला झालंय. हे मात्र विसरता येत नाही. सकाळी चिंचवडच्या बागेत चार म्हाताऱ्यांबरोबर फिरायला जातो, त्यांना माझ्याकडून गुन्ह्याच्या गोष्टी हव्या असतात. ही गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही, कारण त्यांना हवा तसा चोर यात नाही. इथेही मी कुणाचं नाव घेणार नाही. ही माणसं अजून याच भागात राहतात.

मी तेव्हा चाकणच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. नुकताच दसरा झाला होता. मोशीजवळ रस्त्याच्या कडेला एक कंटेनर उभा होता, मागचा दिवा बंद, आणि त्यावर मागून एक इलेक्ट्रिक स्कूटर जाऊन आदळली. खाण्याच्या ऑर्डरी पोहोचवणारा पोरगा जागीच गेला. आमच्या पट्ट्यात असे अपघात रोजचेच. घटनास्थळाचा पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, देह नातेवाइकांच्या ताब्यात जातो आणि फाइल पुढे सरकते. वाईट वाटतं, पण दुसऱ्या दिवशी दुसरा अपघात असतो.

या पोराचा बाप मात्र अंत्यविधी उरकून परत आला आणि ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसून राहिला. परभणीकडचा माणूस, गावात पिठाची गिरणी चालवणारा. ठाणे अंमलदाराने दोनदा सांगून पाहिलं, "काका, कागद झाले सगळे, आता घरी जा." तो मान डोलवायचा आणि तिथेच बसायचा. शेवटी मी त्याला आत बोलावलं.

"साहेब, माझं लेकरू काही तुम्ही परत आणून देणार नाहीत," तो म्हणाला. "पण मला एवढं सांगा, ती गाडी तेवढी पळली कशी?"

"म्हणजे?"

"त्याच्या मायला इथल्या रस्त्यांचं लई भ्या वाटायचं. तर ते म्हणलं, माय, ही करंटची गाडी हाय, सायकलीएवढीच पळती, कंपनीनंच बांधून टाकलीय. तवा कुठं तिनं पाठवलं त्याला. आता तुमचे हवालदार म्हणतात, लई जोरात होता. बांधलेली गाडी जोरात कशी जाईल?"

प्रश्न बरोबर होता.

स्कूटर पुढून चेपली होती, पण तिच्या आतली कंट्रोलरची डबी शाबूत होती. गाडीने किती वेगाने जायचं हे ती डबी ठरवते. ती आम्ही तपासायला पाठवली, तर वेगाची मर्यादा काढून टाकलेली निघाली. त्याच सुमाराला आमच्या एका हवालदाराच्या खबऱ्याने बातमी आणली की मोशीतल्या एका गॅरेजात 'लॉक खोलून' मिळतं, तिथे डिलिव्हरीच्या पोरांची रीघ असते. आम्ही बनावट गिऱ्हाईक पाठवलं, इशारा ठरवला आणि छापा घातला. लॅपटॉप, वायरी, एक पेन ड्राइव्ह, सगळा मुद्देमाल पंचांसमक्ष जप्त केला. गॅरेजवाला कोवळाच होता, पण पक्का. "मी फक्त भरतो साहेब. पेन ड्राइव्ह कुणीतरी आणून दिला," यापलीकडे तो ताकास तूर लागू देईना.

डबी बनवणारी कंपनी चाकणलाच होती. मी तिथे गेलो तेव्हा तिथल्या मॅनेजरसाहेबांनी माझी जवळजवळ कीवच केली. म्हणाले, "इन्स्पेक्टरसाहेब, हे शक्यच नाही. आमची डबी आमच्या सहीशिवाय कुठलाही प्रोग्रॅम घेत नाही. बाहेरचा घातला तर फेकून देते."

"मग यातल्या प्रोग्रॅमवर सही कुणाची आहे, ते बघा," मी म्हणालो.

त्यांनी पेन ड्राइव्ह लावून बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग चेहरा उतरला. "आमचीच आहे," ते म्हणाले.

"कुणी खोटी केली असेल?"

"ही खोटी करता येत नाही."

तिथे क्वालिटी बघणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी मला ते प्रकरण समजावून सांगितलं, आणि फार चांगलं सांगितलं. कंपनीची ही सही म्हणजे एक गुप्त आकडा असतो, त्याला ते प्रायव्हेट की म्हणतात. ही चावी कुणाच्या कॉम्प्युटरवर ठेवत नाहीत. तिच्यासाठी एक पोलादी पेटी असते, हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूल. "समजा साहेब, पेटीच्या आत शिक्का आहे," मॅडम म्हणाल्या. "शिक्का कधीच बाहेर येत नाही. कागद आत द्यायचा, तो शिक्का घेऊन बाहेर येतो. कुणी पेटी फोडायला गेलं तर शिक्का आतल्या आत पुसून जातो." आणि शिक्का मारायचा तर तीन माणसांची तीन कार्डं एकामागून एक लावावी लागतात, प्रत्येकाने आपापला पिन टाकावा लागतो. एकटा माणूस काहीच करू शकत नाही. ऐकून मला बरं वाटलं. एकावर विसंबू नये, हे आम्हालाही पहिल्या दिवसापासून शिकवतात.

ती तीन माणसं म्हणजे मॅनेजरसाहेब, या मॅडम आणि पेटीच्या खोलीची जबाबदारी असलेले मामा. मामा मोशी गावठाणातले जुने रहिवासी, निवृत्तीला आलेले. कपाळाला बुक्का, अंगात कंपनीचा निळा शर्ट. साहेबांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळी कंपनी त्यांना मामाच म्हणायची.

पेटी आपली नोंद आपणच ठेवते. त्या नोंदीप्रमाणे हा शिक्का खंडेनवमीच्या दुपारी मारला गेला होता, तिन्ही कार्डं लावून. आता आली का पंचाईत. त्या दुपारी हे तिघेही खाली शॉपमध्ये, कारखान्याच्या यंत्रांपाशी होते. यंत्रांची पूजा झाली होती, प्रसाद चालला होता. मॅनेजरसाहेबांनी भाषण केलं, मॅडमनी बक्षिसं वाटली, मामा परात घेऊन पेढे वाटत फिरले. सगळ्या शिफ्टने त्यांना बघितलं होतं. तिघे खाली आणि तिघांची कार्डं वर चालतात, हे कसं? मॅनेजरसाहेबांचं ठरलेलं उत्तर होतं की बाहेरून कुणीतरी हॅक केलं. माझा अनुभव वेगळा होता. कुलूप न तुटता चोरी झाली की चोर लांबचा नसतो.

मी तिघांचे जबाब वेगवेगळे घेतले. प्रत्येकाला विचारलं, त्या दिवशी तुमचं कार्ड कुठे होतं? तिघांनीही सांगितलं, "नियमाप्रमाणे माझ्या स्वतःच्या लॉकरमध्ये, कुलपात." शब्दाला शब्द तोच. खरं बोलणाऱ्या तीन माणसांचं बोलणं इतकं जुळत नाही. एक काहीतरी विसरतो, दुसरा भलतंच सांगतो, तिसरा मध्येच आपल्या गुडघेदुखीवर येतो. हे तिघे ठरवून काहीतरी लपवत होते, पण ते चोर वाटत नव्हते. चोराला पकडले जाण्याची भीती असते. यांच्या तोंडावर शरम होती.

मग मी ती कार्डं जप्त केली. पंच बसलेले, मी चष्मा पुसून एकेक कार्ड पाहत होतो. बँकेच्या कार्डावर असते तशी सोनेरी चौकट, आणि तिच्या कडेच्या बारीक खाचेत लाल काहीतरी. मला आधी गंज वाटला. दुसरं पाहिलं, तिथेही लाल. तिसऱ्यातही.

ते कुंकू होतं. मला ओळखायला वेळ लागला नाही, कारण दसऱ्याला आमच्याकडेही शस्त्रपूजन होतं. पूजेनंतर बंदुका कितीही पुसा, घोड्याच्या खाचेत कुंकू राहतंच. दिवाळीपर्यंत आमचा शस्त्रागाराचा हवालदार त्यावरून कुरकुरत असतो.

मी ते कार्ड मॅडमपुढे ठेवलं आणि म्हणालो, "मॅडम, लॉकरात कुंकू कोण वाहतं?"

त्यांनी कार्डाकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सगळं सांगितलं. खंडेनवमीला मामा ताम्हन घेऊन वर आले होते. म्हणाले, सुतार रंधा पूजतो, शिंपी कात्री पूजतो, खाली पोरं पाना-स्पॅनर पूजतात, आपलं हत्यार हेच की. "मॅडम, द्या तुमचं हत्यार." तिघांची कार्डं ताम्हनात आली. पेटीपुढे पाट मांडला. त्या खोलीत आग चालत नाही म्हणून उदबत्ती दाराबाहेर ओवाळली, पण हळदकुंकू, झेंडू, सगळं साग्रसंगीत झालं. आणि पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, ही रीत. कार्डं तशीच तिथे राहिली.

"तुम्हाला कळत होतं ना, ती एकत्र ठेवायची नसतात?" मी विचारलं.

"कळत होतं. पण मामा इतक्या हौसेनं आले होते. नाही कसं म्हणणार?"

"आणि पिन?"

मग त्यांनी तेही सांगितलं. पेटी पहिल्यांदा बसवली तेव्हा बसवणारा म्हणाला होता, सहा आकडी पिन टाका. मॅनेजरसाहेब हसून म्हणाले होते, मग आपला चाकणचा पिनकोडच टाका, कुणी विसरायचं नाही. तिघांनी तोच टाकला. आख्ख्या डिपार्टमेंटला तो ठाऊक होता. लाखमोलाची पेटी, तीन माणसांचा पहारा, आणि कुलपाचा आकडा पोस्टमनलाही पाठ. मला हसावं की रडावं कळेना.

मी मामांना ठाण्यात बोलावून घेतलं आणि एकच विचारलं, "मामा, सगळे खाली पेढे खात होते तेव्हा पूजेपाशी कोण होतं?"

मामांचा रंगच उडाला. ते माझ्याकडे बघेनात, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. त्यांना तोवर चोर कोण ते खरंच माहीत नव्हतं. माझ्या प्रश्नानं त्यांना ते कळलं.

"म्या केलं," ते म्हणाले.

"मामा, तुम्ही पेढे वाटत होता."

"म्या केलं म्हंतो न्हवं साहेब. लिवून घ्या आन् घाला आत."

खोटी कबुली देणारे मी पुष्कळ पाहिलेत. कुणी पैशासाठी देतो, कुणी धाकानं. माया करणारा देतो तेव्हा त्याला हलवणं सगळ्यांत अवघड, कारण तो आपलं सगळं गमवायला तयार होऊनच आलेला असतो. मी आवाज चढवला नाही. म्हटलं, "बाहेर बसा थोडा वेळ. चहा घ्या."

बाहेर एकच बाकडं होतं आणि त्यावर परभणीचा गिरणीवाला बसलेला होता. मी हे काही ठरवून केलं नव्हतं, खोटं कशाला सांगू. चहाचे दोन ग्लास आले तेव्हा दारावरचा शिपाई तिथेच होता, पुढचं त्याने मला सांगितलं. गिरणीवाल्यानं मामांना विचारलं, "तुमचं कोन आत हाय, पावनं?"

मामा म्हणाले, "कुणी न्हाई."

"माझंबी आता कुणी न्हाई," तो म्हणाला आणि मग आपल्या पोराचं सांगत बसला. करंटची गाडी, सायकलीएवढी पळणारी. मायला दिलेला शब्द. "मला कुणाला फाशी द्यायची न्हाई बगा. गाडी कुणी खोलली एवढं कळलं की मी जातो. घरी गेल्यावर त्याच्या मायला काय सांगू?"

मामांनी चहा तसाच ठेवला. उठून आत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"साहेब, त्या मानसाचं प्वार गेलं हे मला कुणी सांगितलं न्हवतं," ते म्हणाले. "पूजेपाशी माझा भाचा व्हता. म्याच बसवला. देवापाशी माणूस पायजे म्हनून म्या त्याला म्हणलं, तू बस, खोली मोकळी सोडू नको."

इतकं बोलून ते खाली बसले. मग हळूहळू बाकीचं आलं. भाचा त्याच कंपनीत इंजिनियर होता, मामांनीच चिकटवलेला. बहिणीचा नवरा लवकर गेला तेव्हा पोरगा पाळण्यात होता. मामांनी बहिणीला मोशीला आणलं, आपल्याच घराचा वरचा मजला तिला दिला, पोराला शिकवलं. "आख्खी कंपनी मला मामा म्हंती साहेब. पर खरा मामा म्हणनारा तो एकटाच हाय," ते म्हणाले. जबाब लिहून झाल्यावर मी कागद बाजूला करून आधी त्यांना पाणी दिलं. मला फार वाईट वाटत होतं, पण सही घेणं भाग होतं आणि मी ती घेतली.

भाच्याला आणलं. नीटनेटका पोरगा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. आधी कानावर हात ठेवले. गॅरेजवाला त्याचा कॉलेजचा दोस्त निघाला, तरी म्हणे, ओळख असणं गुन्हा आहे का? तेव्हा मामा म्हणाले, "खरं बोल बाळा. भायेर त्या पोराचा बाप बसलाय."

"कुठल्या पोराचा?" त्यानं विचारलं.

त्यालाही माहीत नव्हतं. मी अपघाताचे फोटो त्याच्यासमोर ठेवले. त्यानंतर त्याला काही विचारावं लागलं नाही. दोस्त मागे लागला होता, डिलिव्हरीची पोरं रोज विनवण्या करतात, लिमिट काढली तर चार ऑर्डरी जास्त मिळतात. हातात दोन पैसेही येणार होते. "चावी तर मी चोरलीच नाही साहेब, ती पेटीतच आहे," तो रडत म्हणाला. "एकच फाइल सही केली. कुणाचं काय नुकसान होणार, असं वाटलं." चावी पेटीतच होती, हे खरंच होतं. कुणी तिला बोटही लावलं नव्हतं.

मग मला बाकड्यावरच्या माणसाला उत्तर द्यायचं होतं. नोकरीतल्या अवघड कामांत हे काम मी वरचं धरतो. मी त्याच्या शेजारी बसलो आणि सांगितलं की प्रोग्रॅम एका इंजिनियरने चोरून काढला, गॅरेजवाल्याने विकला, पण गाडी घेऊन गॅरेजात तुमचा मुलगाच गेला होता. दसऱ्यानंतर, अपघाताच्या जरासं आधी.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मायला जवा सांगितलं, तवा तर गाडी बांधलेलीच होती ना?"

"हो. तेव्हा बांधलेली होती."

"म्हंजे तिच्याशी खोटं न्हाई बोललं लेकरू." त्यानं पिशवी उचलली. "बास मग. एवढंच सांगतो तिला."

संध्याकाळच्या गाडीने तो परभणीला गेला.

भाच्याला दिवाळीआधी अटक झाली, कोठडी झाली, पुढे यथावकाश खटला उभा राहिला. कंपनीने पिन बदलले, कार्डं तीन वेगवेगळ्या इमारतींत ठेवली. मॅनेजरसाहेबांची बदली झाली. मामांवर गुन्हा नव्हता, ते माझे साक्षीदार होते, पण त्यांनी नोकरी सोडली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मामा एका पुरवणी जबाबासाठी ठाण्यात आले. अंगावर दिवाळीचे नवे कपडे होते, कपाळ मात्र कोरं. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "झाली का दिवाळी मामा?"

"काल सांजच्याला बायकोनं पाट मांडला, रांगोळी काढली," ते म्हणाले. "मी आंगनात बसलो व्हतो. दरसालची येळ झाली तशी बहीण जिन्यात आली. हातात ताट व्हतं, निरांजन लावल्यालं. मला वाटलं, आली. पर ती खाली न्हाई आली. वर गच्चीत गेली."

मला पुढचं कळलं. तरी त्यांनी सांगितलंच.

"बीजंची कोर व्हती मावळतीला. तिनं चंद्राला ओवाळलं साहेब."

ज्या बाईला भाऊ नसतो, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. तिचा भाऊ खाली पाटावर बसून बघत होता.

मी त्यांना काय सांगणार? तुम्ही बरोबर केलंत, असं म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि जिथे सांगितली तिथे सही केली.

हे प्रकरण मला दोन गोष्टी सांगून गेलं. आमच्याकडे शस्त्रपूजनाला बंदुका रिकाम्या करून, मोजून मांडतात, आणि पूजा चालू असतानाही पहाऱ्यावरचा जवान जागचा हलत नाही. हत्याराला कुंकू लागलं म्हणून त्याची धार जात नाही. त्या खोलीतल्या भल्या माणसांनी पेटीवर भरवसा ठेवला, देवावर ठेवला, एकमेकांवर ठेवला, आणि पहारा तेवढा काढला. पहारा म्हणजे अविश्वास, असं आपल्याला वाटतं. मामांनी भाच्याला एकटं बसवण्याऐवजी दार ओढून कुलूप घातलं असतं, तर पोरगा मोहात पडला नसता. आपल्या माणसाला सांभाळायलाही कुलूप लागतं.

दुसरी गोष्ट मला अजून पुरती उमगलेली नाही. खरं बोला, खरं बोला, असं मी आयुष्यभर लोकांना टेबलापलीकडून सांगत आलो. मामा माझ्यासमोर खरं बोलले आणि घरी गेले, आणि घरी त्यांचं काय झालं ते कुठल्याच तपासाच्या कागदात येत नाही. माझी धाकटी बहीण दर भाऊबीजेला चिंचवडला येते. ती मला ओवाळते, कुंकू लावते, आणि मला त्या वेळी मोशीतलं ते अंगण आठवतं. ती विचारते, "दादा, डोळ्यांत काय गेलं?" मी निरांजनाचा धूर गेला असं सांगतो.